जालन्याला त्वचादान हवे

२०२४ च्या ऑगस्टमध्ये जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका स्टील कारखान्यात भट्टीचा स्फोट झाला. वितळलेले लोखंड अंगावर उडून वीसेक कामगार जखमी झाले आणि जास्त भाजलेल्यांना छत्रपती संभाजीनगरला हलवावे लागले. अशा अपघातानंतर सुरक्षेची साधने, भट्टीची तपासणी, भरपाई यांवर बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. मात्र बातमी थांबते त्या सुमारास भाजलेल्या माणसाच्या अंगावरचे खरे काम नुकते कुठे सुरू झालेले असते. ते काम डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी करतात. त्यांना हातभार लावायचा की त्यांच्या वाटेत यायचे, हे घर, गाव आणि जिल्हा मिळून ठरवत असतात.

जालन्याने हा विषय इतर जिल्ह्यांपेक्षा अधिक मनावर घ्यायला हवा. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि सळई ओढणाऱ्या रोलिंग मिल इथे रात्रंदिवस चालतात. जालन्याची सळई राज्यभरातल्या घरांच्या स्लॅबमध्ये जाऊन बसली आहे. भट्टीतला रस सुमारे १,६०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. भंगारात एखादा तोंड बंद असलेला डबा किंवा ओला तुकडा गेला, की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस बाहेर उसळतो. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली तरुण मुले पुष्कळ. त्यांचे घर हजार किलोमीटर लांब. दवाखान्यात उशाशी बसायला जवळचे कोणी नसते.

पण भाजणे कारखान्याच्या फाटकाआड थांबत नाही. शेतात लोंबकळणारी वीजतार, दिवाळीतला फटाका, चुलीपुढे पेटलेला पदर, आणि सगळ्यांत नेहमीचे म्हणजे न्हाणीत काढून ठेवलेल्या कढत पाण्याच्या बादलीत पडलेले दीड-दोन वर्षांचे पोर. साठ अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर पोळते, सत्तर अंशांचे एखाद्या सेकंदात. लहान मुलाची कातडी पातळ. तिला तेवढाही वेळ लागत नाही. भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कातडी मोठ्या माणसाच्या अंगावर दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा; बहुतेक जागी तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. यातल्या बहुसंख्य पेशींचे नाव केराटिनोसाइट. त्या तळाच्या थरात जन्मतात, वर सरकताना चपट्या आणि कडक होतात आणि साधारण महिनाभरात गळून पडतात. त्यांच्या अधूनमधून रंग भरणाऱ्या मेलॅनोसाइट आणि शरीराच्या पहाऱ्यावर असलेल्या लँगरहान्स पेशी असतात. या पहारेकरी पेशी १८६८ साली पॉल लँगरहान्सने नोंदवल्या तेव्हा तो वैद्यकाचा विद्यार्थीच होता. बाह्यत्वचेच्या खाली जाड आंतरत्वचा, आणि तिच्यात कोलॅजेनचे धागे तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी.

विळ्याने बोट कापले की काही मिनिटांत रक्त गोठते. काही तासांत पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी मेलेला कचरा गिळून जागा साफ करतात आणि पुढच्यांना रासायनिक निरोप धाडतात. मग फायब्रोब्लास्ट तळ भरून काढतात. ज्याला लोक 'मांस भरणे' म्हणतात ते हेच. पण जखम वरून बुजवतात त्या केराटिनोसाइट. कडेच्या पेशी पहिल्या दिवसाच्या आसपासच तळाशी धरलेली पकड सोडतात, अंग चपटे करतात, पुढे एक पातळ पापुद्रा पसरतात आणि सरपटत निघतात. वाटेत सुकलेला स्राव आडवा आला तर तो कापणारे एन्झाइम त्या स्वतःच तयार करतात. समोरून येणारी फळी भेटली की सरकणे थांबते आणि थरावर थर चढू लागतात.

या चालीला ओल लागते. १९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर जवळजवळ दुप्पट वेगाने नवी कातडी आली. उघड्या जखमेवर कडक खपली धरली, आणि पेशींना तिच्या खालून, ओल शोधत, लांबचा रस्ता घ्यावा लागला. तेव्हापासून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी 'जखमेला वारा लागू द्या, कोरडी पडू द्या' हा सल्ला घरोघरी तसाच दिला जातो. सल्ला देणाऱ्याची माया खरी असते. त्रास मात्र जखमेला होतो. स्वच्छ धुतलेली, झाकलेली आणि किंचित ओलसर राहिलेली जखम लवकर भरते.

वरवर पोळलेल्या मांडीचे ड्रेसिंग आठव्या-दहाव्या दिवशी सोडले, की लालसर ओल्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे फिकट, गुलाबी-पांढरे ठिपके दिसतात. नातेवाइकांना तो पू वाटतो; कोणी 'जरा चोळून साफ करा' असेही म्हणते. अनुभवी सिस्टर मात्र तिथे हात हलका ठेवते, मिठाच्या पाण्याची धार सोडते, बोळा घासत नाही. कारण तो प्रत्येक ठिपका म्हणजे केसाच्या मुळातून किंवा घामाच्या नळीतून वर आलेल्या नव्या पेशींचे बेट असते. केसाच्या मुळाशी राखीव मूलपेशी असतात, आणि माणसात घामाच्या ग्रंथीही या कामाचा मोठा वाटा उचलतात, हे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. देशाला बियाणे पुरवणाऱ्या जालन्यात हे सांगायला सोपे जावे: वरचे पीक जळाले तरी जमिनीत खोल राहिलेले बी उगवून येते. आच केसांच्या मुळांपर्यंत पोहोचली नसेल तर कातडी स्वतःहून परत येते. पोहोचली असेल तर जखमेच्या मधल्या भागात उगवायला काही उरत नाही, आणि कडेच्या पेशींना तेवढे अंतर कापणे झेपत नाही.

म्हणून पहिली धडपड आच खोल जाऊ न देण्याची. निखारा बाजूला झाला, पाणी निथळले, तरी कातडीत शिरलेली उष्णता आत उतरत राहते. भाजलेला भाग वीस मिनिटे गार पाण्याखाली धरणे हा त्यावरचा सगळ्यांत भक्कम आणि फुकटचा इलाज आहे; तीन तासांच्या आत केला तरी त्याचा उपयोग होतो. बर्फ नको, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि जगू शकणाऱ्या पेशीही मरतात. लहान मूल असेल तर बाकीचे अंग कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावे, नाहीतर पोर गारठते. विजेचा धक्का असेल तर आधी पुरवठा बंद करायचा, मग माणसाला हात लावायचा.

वीस मिनिटे पाणी. ज्या शहराने २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या रांगा लावल्या, जिथे नळाला पाणी यायची वाट आठवडा-आठवडा पाहावी लागली आहे, तिथे हा सल्ला ऐकायला जड जातो. तरी तो पाळता येतो. पिंपातले स्वच्छ पाणी बादलीत घ्यावे, भाजलेला हात त्यावर धरावा आणि तांब्याने तेच पाणी पुन्हा पुन्हा हातावरून सोडावे. दोन बादल्यांत काम भागते. भट्टीवर आणि मिलमध्ये मात्र ही तडजोड चालू नये. जिथे लोखंडाचा रस ओतला जातो, तिथून काही पावलांवर कामगारासाठी गार पाण्याचा शॉवर असणे ही मालकांची जबाबदारी आहे. भट्टी थंड ठेवायला पाणी मिळते, तर भाजलेल्या माणसालाही मिळाले पाहिजे.

पाण्याऐवजी घरात काय घडते, ते सगळ्यांना माहीत आहे. टूथपेस्ट, शाई, तूप, खोबरेल, हळद. यातले काहीही उष्णता बाहेर काढत नाही. उलट वर थर बसतो, आणि दवाखान्यात तो खरवडून काढताना नव्याने सरकू लागलेल्या पेशीही त्याच्यासोबत निघतात. हळदीचे नाव घेतले की मराठी माणसाला डॉ. रघुनाथ माशेलकर आठवतात. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे अमेरिकेने १९९५ साली दिलेले पेटंट माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून १९९७ साली रद्द करवले. तो विजय मोठाच होता. पण त्यात सिद्ध झाले ते एवढेच, की हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून आहे आणि कोणी त्यावर मालकी सांगू नये. ताज्या भाजलेल्या अंगावर डब्यातली हळद थापावी, असे त्या निकालाने म्हटलेले नाही.

घरगुती म्हणून सगळेच टाकाऊ, असे मात्र नाही. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ भाजलेल्या रुग्णांवर मधाच्या ड्रेसिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्यावरही वरवरच्या भाजण्यात मधाचे ड्रेसिंग नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा काही दिवस आधी जखम भरते, असेच दिसले. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी बटाट्याच्या सालींचे ड्रेसिंग वापरले. शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे केले. ते जखमेला चिकटत नाही, त्यामुळे काढताना रुग्ण विव्हळत नाही आणि कोवळ्या पेशी ओरबाडल्या जात नाहीत. या तिघांनी आपले उपाय रुग्णांवर तपासले आणि मोजमाप लिहून ठेवले. स्वयंपाकघर आणि औषध यांतला फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

आता खोल भाजलेल्यांकडे. जखम तीन आठवड्यांत मिटली नाही तर पुढे जाड, खाजरा व्रण येण्याचा धोका बराच वाढतो. तळ भरणाऱ्या फायब्रोब्लास्टपैकी काही पेशी स्नायूसारख्या आकुंचन पावू लागतात. जिनिव्हातल्या जुलिओ गाबियानी यांनी १९७१ साली त्या ओळखल्या. त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. जखमेच्या कडा जवळ ओढणे हे त्यांचे काम, आणि लहान जखमेत ते उपकारक असते. पण मान, काख, कोपर, बोटे इथली मोठी जखम तशीच सोडली तर त्या महिनोन्‌महिने ओढतच राहतात. हनुवटी छातीला चिकटते, तळहात मिटतो, कोपर सरळ होत नाही. रोलिंग मिलमध्ये सांडशी धरणारा हात मिटला की घरातली कमाई थांबते. मेलॅनोसाइट तर सगळ्यांत उशिरा येतात, कधी येतच नाहीत. तो पांढरा डाग घेऊन मुलीला जन्म काढावा लागतो आणि लग्नाच्या बाजारात त्यावरून तिला नाकारलेही जाते.

मधुमेहाच्या पायावरही याच केराटिनोसाइट पेशी अडतात. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासाप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्या तळपायाच्या जुनाट जखमेची कड जाड आणि कडक होते, पेशी तिथे वाढतात पण पुढे सरकत नाहीत. पायाची जाणीव गेलेली असल्याने शेतात अनवाणी चालणाऱ्याला काटा रुतल्याचेही कळत नाही. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच सांगायचे की रोज रात्री तळपाय पाहणे आणि बंद चप्पल घालणे हा या पेशींना दिलेला मोठाच आधार आहे.

खोल भाजलेल्या जखमेवर इलाज एकच, त्या जागी कातडी आणून बसवणे. कातडी एका जागेवरून उचलून दुसरीकडे लावण्याचे कसब मराठी मुलखाला नवे नाही. नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक केले. त्याची हकीगत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ साली चित्रासह छापली आणि युरोपातल्या शल्यवैद्यांनी त्यावरून धडे घेतले. आज शल्यवैद्य मांडीवरून मिलिमीटरच्या दोन-तीन दशांश भागाचा पातळ काप घेतो. त्यात तळाच्या जिवंत केराटिनोसाइट असतात, म्हणून तो नव्या जागी रुजतो. मांडीवर केसांची मुळे शिल्लक असतात, म्हणून ती जागाही दोनेक आठवड्यांत भरून येते.

अडचण येते ती निम्म्याहून अधिक अंग भाजलेल्या माणसाची. त्याच्याकडे घ्यायला कातडीच उरत नाही. उघड्या अंगातून पाणी, क्षार, प्रथिने झिरपत राहतात आणि जंतूंना दार मोकळे मिळते. असे अनेक रुग्ण पहिल्या दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जंतुसंसर्गाने दगावतात. अमेरिकेत १९७५ साली जेम्स राइनवॉल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी केराटिनोसाइट प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. १९८३ साली नव्वद टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन लहान भावांचे प्राण अशा वाढवलेल्या कातडीने वाचले. २०१५ मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथे, जन्मजात त्वचारोगाने कातडी गळून पडलेल्या एका सात वर्षांच्या मुलाला जनुक दुरुस्त केलेल्या पेशींपासून वाढवलेली जवळपास सबंध बाह्यत्वचा मिळाली. हे विज्ञान थक्क करणारे आहे. पण त्याला लागणारा पैसा, प्रयोगशाळा आणि आठवड्यांचा अवधी आज जालन्याच्या कामगाराच्या आवाक्यात नाही.

त्याच्या आवाक्यात येऊ शकते ती दान मिळालेली कातडी. १९४३ साली ग्लासगोत पीटर मेडावर आणि थॉमस गिब्सन यांनी एका भाजलेल्या स्त्रीवर दुसऱ्याची कातडी लावून पाहिली. शरीर ती ओळखून नाकारते आणि दुसऱ्यांदा आणखी लवकर नाकारते, हे तिथे कळले. या दिशेच्या कामासाठी मेडावर यांना १९६० चे नोबेल मिळाले. परकी कातडी कायमची टिकत नाही, हे खरे. पण ती दोन-तीन आठवडे अंग झाकते. तेवढ्यात वेदना कमी होतात, पाण्याचा निचरा थांबतो, जंतू बाहेर राहतात आणि रुग्णाची स्वतःची मांडी पुन्हा काप घेण्याजोगी होते. मरणाच्या दारातल्या माणसाला हेच तीन आठवडे हवे असतात.

देशातल्या सुरुवातीच्या त्वचापेढ्यांपैकी एक मुंबईत शीव रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरनेही हे काम वाढवले. पद्धत साधी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पथक घरी किंवा रुग्णालयात येते आणि मांड्या, पाय, पाठ इथून वरचा पातळ थर घेते. पाऊण तासात काम उरकते. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लागत नाही, पट्टी बांधून देह सन्मानाने परत दिला जातो आणि अंत्यविधीत काही अडत नाही. रक्तगट जुळवावा लागत नाही. अठरा वर्षांवरील व्यक्ती, वय कितीही असले तरी, देऊ शकते. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, त्वचेचा कर्करोग, अंगभर जंतुसंसर्ग असेल तर नाही. ग्लिसरॉलमध्ये थंड जागी ही कातडी पाच वर्षांपर्यंत टिकते. कायद्यानेही २०११ च्या दुरुस्तीनंतर अवयवांबरोबर उतींचे दान स्पष्ट मान्य केले आहे.

नेत्रदानाचा विचार महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यात रुजला. मृत्यूनंतर डोळे देता येतात, हे आज म्हातारी आजीसुद्धा सांगते. त्वचादान मात्र अजून शहरातल्या थोड्या घरांपुरते राहिले आहे, आणि त्याला धर्म आड येतो म्हणण्यापेक्षा कोणी विचारलेच नाही हे कारण मोठे आहे. दुःखात बुडालेल्या घरात हा विषय कोणी काढायचा, हा प्रश्न अवघड आहेच. म्हणून तो घरात सगळे धडधाकट असताना बोलून ठेवायचा असतो.

जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या इतर नऊ महाविद्यालयांसोबत त्याचे उद्घाटन झाले. त्याची उभारणी अजून कोवळ्या अवस्थेत आहे, म्हणूनच मागणी आताच केली पाहिजे. पोलादाच्या जिल्ह्यातल्या या महाविद्यालयात पूर्ण साधनांचा जळीत विभाग, प्लास्टिक सर्जन आणि भाजलेल्यांची शुश्रूषा शिकलेल्या परिचारिका पहिल्या टप्प्यातच हव्यात. संपूर्ण त्वचापेढी लगेच उभी करणे जमणार नसेल, तर निदान कातडी घेणारे प्रशिक्षित पथक इथे असावे आणि घेतलेली कातडी प्रक्रियेसाठी मोठ्या पेढीकडे जावी. सहा तासांच्या आत पथक मंठ्याला किंवा जाफराबादला पोहोचणे मुंबईहून अशक्य, जालन्याहून सहज शक्य आहे. गंभीर भाजलेल्या माणसाचा संभाजीनगरपर्यंतचा साठ किलोमीटरचा प्रवास वाचला, तर तो वेळ थेट त्याच्या जिवाच्या खात्यावर जमा होतो.

खर्चाचा वाटा स्टील उद्योगाने उचलावा. हा उपकार नाही, देणे आहे. भट्टीच्या नफ्यातून तिच्या धोक्याची तरतूद झाली पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे, तिचा लाभ परराज्यातून आलेल्या कामगारालाही अडथळ्याविना मिळेल, अशी कागदपत्रांची सोय कारखान्यांनीच करून द्यावी. नेत्रदानाचे फॉर्म भरून घेणाऱ्या संस्थांनी त्याच कागदावर त्वचादानाची एक ओळ वाढवावी. जिल्हा रुग्णालयाने चोवीस तास उचलला जाणारा एकच दूरध्वनी क्रमांक ठरवून तो आठही तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर, प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर आणि प्रत्येक स्मशानभूमीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. आणि वाचकांनी आज रात्री जेवताना घरच्यांना आपली इच्छा सांगून ठेवावी, कारण मृत्यूनंतरची संमती घरच्यांनाच द्यायची असते.